लेस्टर यंगची उत्तरकालीन शैली : एका रूढ निर्णयाची फेरतपासणी

१

कलावंताच्या कारकिर्दीचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग पाडावयाचे, पहिल्यास उत्कर्षाचे व दुसऱ्यास अपकर्षाचे नाव द्यावयाचे, ही रीत समीक्षेत फार जुनी आहे. ही विभागणी सोयीची असते. परंतु सोय आणि सत्य नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. अमेरिकन जॅझ संगीतातील श्रेष्ठ टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग (१९०९–१९५९) याच्यासंबंधी असाच एक निर्णय त्याच्या हयातीतच रूढ झाला. तो थोडक्यात असा : १९३६ पासून १९४४ पर्यंतचा यंग हा असामान्य प्रतिभेचा वादक होय; १९४४ साली त्याची सक्तीने सैन्यात भरती झाली, तेथे त्याला कारावास भोगावा लागला, आणि तेथून परतला तो मूळच्या यंगची केवळ छाया होती.

या निर्णयास गेल्या काही दशकांत अनेक अभ्यासकांनी हरकत घेतली आहे. तथापि सामान्य श्रोत्याच्या मनातून तो अद्याप गेलेला नाही. आणि त्याचे कारणही उघड आहे. ती एक करुण कथा आहे, आणि करुण कथेस पुराव्याची गरज सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत निबंधात या निर्णयाची तीन अंगांनी तपासणी करावयाची आहे : कालक्रम, पुराव्याचे स्वरूप, आणि तुलनेसाठी वापरलेला मानदंड. ही तिन्ही अंगे भाषेच्या अभ्यासकास परिचित आहेत. संगीत ही भाषा नव्हे. स्वरावलीस वाक्याप्रमाणे अर्थ नसतो. परंतु एखाद्या व्यक्तीच्या बोलण्यात पंचवीस वर्षांत जे बदल घडतात त्यांची नोंद करताना जी पथ्ये पाळावी लागतात, ती एखाद्याच्या वादनात घडलेले बदल तपासतानाही पाळावी लागतात, एवढाच येथे दावा आहे.

२

ज्या वाचकांस या संगीताचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द प्रथम लिहिणे अवश्य आहे. अमेरिकेत साधारणपणे १९३५ ते १९४५ या दशकास स्विंगचा काळ म्हणतात. नृत्यगृहांतून वाजविणारे मोठे वाद्यवृंद हे या काळाचे वैशिष्ट्य. त्यांच्या गीतांची चौकट बहुधा बत्तीस बारांची असते. एका बारात चार मात्रा येतात. आठ-आठ बारांचे चार खंड, त्यांतील पहिला, दुसरा व चौथा सारखे, आणि तिसरा निराळा, अशी तिची रचना. 'ब्लूज' या प्रकारात हीच चौकट बारा बारांची असते. चौकटीतील स्वरमेळांचा क्रम ठरलेला असतो. ती पुनःपुन्हा फिरत राहते आणि एकल वादक प्रत्येक फेरीत त्या क्रमावर नवी स्वरावली रचतो. या फेरीस येथे आवर्तन म्हटले आहे. मात्र तालाच्या आवर्तनाहून तिच्यात स्वरमेळांचा क्रम ही गोष्ट अधिक आहे, हे ध्यानात ठेवावे.

टेनर सॅक्सोफोन या वाद्यास जॅझमध्ये प्रथम प्रतिष्ठा मिळवून दिली ती कोलमन हॉकिन्स (१९०४–१९६९) याने. त्याचा नाद भरदार आणि रुंद, स्वरकंप ठळक, आणि प्रत्येक स्वरमेळ त्यातील घटक स्वर उलगडून दाखविण्याकडे त्याचा कल. १९३९ साली त्याने मुद्रित केलेले 'बॉडी अँड सोल' हे या पद्धतीचे मान्य उदाहरण आहे. १९३०–४० च्या दशकात टेनर वाजविणे म्हणजे हॉकिन्ससारखे वाजविणे, अशीच समजूत होती.

लेस्टर यंगचा जन्म मिसिसिपी राज्यातील वुडव्हिल येथे २७ ऑगस्ट १९०९ रोजी झाला. बालपण न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात गेले. वडील विलिस हॅंडी यंग हे कुटुंबातील मंडळींचा वाद्यवृंद घेऊन गावोगाव फिरत. लेस्टर प्रथम ड्रम वाजवी, पुढे सॅक्सोफोनकडे वळला. दक्षिणेकडील राज्यांतून दौरा काढण्याचे ठरले तेव्हा, १९२७ च्या अखेरीच्या सुमारास, त्याने त्या दौऱ्यास नकार देऊन वडिलांचा वृंद सोडला. कृष्णवर्णीयांस तेथे कोणत्या वागणुकीस तोंड द्यावे लागे हे ध्यानात घेतले म्हणजे या नकाराचे मर्म कळते.

आपला आदर्श म्हणून त्याने पुढे वारंवार नाव सांगितले ते हॉकिन्सचे नव्हे, तर फ्रॅंकी ट्रमबाउअर या गौरवर्णीय वादकाचे. ट्रमबाउअर 'सी मेलडी' जातीचा सॅक्सोफोन वाजवी. हे वाद्य आल्टो आणि टेनर यांच्या दरम्यानचे, नादाने हलके. तो हलका नाद टेनरमधून काढण्याचा आपला प्रयत्न होता, असे यंगने सांगितले आहे. म्हणजे यंगची मूळ शैली ही 'नैसर्गिक' नव्हती. ती एका विशिष्ट नादाची निवड होती. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

३

१९३४ साली हॉकिन्स इंग्लंडला गेला आणि फ्लेचर हेंडरसनच्या विख्यात वृंदात त्याच्या जागी यंगची नेमणूक झाली. वृंदातील सहकाऱ्यांस त्याचा नाद पसंत पडेना. यंगने पुढे सांगितले आहे की, हेंडरसनची पत्नी लिओरा त्याला सकाळी हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवीत असे, हेतू हा की त्याने तसे वाजवावे. काही महिन्यांतच त्याने ती नोकरी सोडली. सोडताना, आपणांस काढून टाकलेले नाही, असे पत्र त्याने हेंडरसनकडे मागितले. थोडा काळ अँडी कर्कच्या वृंदात काढून १९३६ साली तो कॅन्सस सिटीत काउंट बेसीकडे परत आला.

त्याच वर्षी शिकागो येथे पाच वादकांच्या छोट्या संचात त्याची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. बेसी दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असल्यामुळे संचास 'जोन्स-स्मिथ इन्कॉर्पोरेटेड' असे नाव देण्यात आले. त्यांतील 'लेडी बी गुड' या गीतावरील यंगची दोन आवर्तने, म्हणजे चौसष्ट बार, हा जॅझच्या इतिहासातील एक टप्पा मानला जातो, आणि तो योग्यच आहे.

या वादनाची लक्षणे अशी सांगता येतील. नाद हलका, स्वरकंप अत्यल्प. प्रत्येक स्वरमेळाचे घटक मोजून दाखविण्याऐवजी, अनेक स्वरमेळांशी जुळतील असे थोडे स्वर निवडून त्यांची एक आडवी रेषा ओढणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाक्याची लांबी : आठ बारांचा खंड संपतो तेथे यंगचे वाक्य संपत नाही; ते त्याआधीच संपलेले असते, किंवा सीमा ओलांडून पुढच्या खंडात जाऊन थांबते. आपल्या छंदःशास्त्रात ज्यास यतिभंग म्हणून दोष मानतात, तो येथे रचनेचे तत्त्वच झाला आहे. याशिवाय एकच स्वर वेगवेगळ्या बोटांच्या ठेवणीने काढून त्याचा रंग पालटण्याची युक्ती, जी १९३९ च्या 'लेस्टर लीप्स इन' मध्ये स्पष्ट ऐकू येते. स्वरस्थान एकच, उच्चार मात्र दोन. आणि उच्चारांच्या या आलटापालटीतून लयीचा आभास उत्पन्न होतो.

या शैलीचा प्रभाव किती दूरवर पोहोचला हे सांगावयास दोन उदाहरणे पुरेत. १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्क डोंगराळ प्रदेशात नोकरीनिमित्त गेलेल्या तरुण चार्ली पार्करने यंगची एकलवादने तबकड्यांवरून तोंडपाठ केली. पुढच्या दशकातील बीबॉप क्रांतीचा हा अग्रणी. आणि जानेवारी १९३७ पासून बिली हॉलिडे हिच्या गायनामागे यंगने जी साथ केली, तिने साथीचा अर्थच बदलून टाकला. तिने त्याला 'प्रेसिडेंट' ही पदवी दिली, तिचे पुढे 'प्रेझ' झाले. त्याने तिला 'लेडी डे' म्हटले. ही दोन्ही नावे आज इतिहासात रूढ आहेत.

४

आता रूढ निर्णयाकडे वळू. प्रथम कालक्रम.

घटना अशा आहेत. १९४४ च्या शरद ऋतूत यंगला सैन्यात घेण्यात आले. अलाबामातील फोर्ट मॅक्लेलन येथे मादक द्रव्ये जवळ बाळगल्याच्या आरोपावरून १९४५ च्या फेब्रुवारीत लष्करी न्यायालयापुढे त्याच्यावर खटला चालला आणि एक वर्षाची शिक्षा झाली. ती त्याने मुख्यतः जॉर्जियातील लष्करी बंदिशाळेत भोगली. १९४५ च्या अखेरीस त्याला मानहानीकारक रीतीने सैन्यातून मुक्त करण्यात आले. या प्रकरणातील क्रौर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पस्तीस वर्षांच्या, कोणालाही इजा न करणाऱ्या एका वादकाला जी वागणूक मिळाली तिचे समर्थन करता येणार नाही.

परंतु प्रश्न क्रौर्याचा नाही, कारणपरंपरेचा आहे. ज्या बदलास सैन्यातील अनुभव कारणीभूत मानला जातो, तो बदल सैन्यापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांत आढळतो काय? निःसंशय आढळतो. जुलै १९४२ मध्ये लॉस एंजेलिस येथे पियानोवादक नॅट कोल व एक बासवादक यांच्याबरोबर त्याने जी चार गीते मुद्रित केली, त्यांत नाद १९३६ च्या मानाने जड झालेला आहे आणि वाक्ये आखूड झाली आहेत. डिसेंबर १९४३ मध्ये 'कीनोट' साठी त्याने केलेल्या 'समटाइम्स आय ॲम हॅपी' मध्ये तर मंद्रातील विसावा, मात्रेच्या किंचित मागे रेंगाळणे आणि दोन वाक्यांमधील रिकामी जागा ही उत्तरकालीन शैलीची सर्व लक्षणे बीजरूपाने उपस्थित आहेत. ध्वनिपरिवर्तनाचा अभ्यासक एखाद्या बदलाचे कारण म्हणून परकीय आक्रमण पुढे करतो आणि तोच बदल आक्रमणापूर्वीच्या शिलालेखात आढळतो, तेव्हा त्या अभ्यासकास आपला सिद्धांत मागे घ्यावा लागतो. येथेही तसेच आहे. कारण कार्याच्या आधी यावयास हवे. येथे कार्य दोन वर्षे आधी आले आहे.

शिवाय बंदिवासातून सुटल्यानंतरची पहिलीच ध्वनिमुद्रणे पाहावीत. डिसेंबर १९४५ मध्ये यंगने दोन गीते वाजविली, ती परस्परांशेजारी ठेवून ऐकण्यासारखी आहेत. एक 'डी. बी. ब्लूज', हे नाव लष्करी बंदिशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून घेतलेले आहे. रचना चमत्कारिक आहे : ब्लूजचे बारा बार दोनदा, मध्ये आठ बारांचा निराळा खंड, आणि पुन्हा बारा बार, एकूण चव्वेचाळीस. बत्तीस बारांची गीतचौकट आणि बारा बारांचा ब्लूज यांचा हा मिलाफ आहे, आणि बंदिशाळेच्या नावाचे हे गीत खिन्न नसून खेळकर आहे. दुसरे 'दीज फूलिश थिंग्ज'. या संथ गीतात यंग मूळ धून जवळजवळ कोठेही सरळ मांडीत नाही. आरंभापासून तो आपली स्वतःची धून गातो, आणि तरी ऐकणाऱ्यास मूळ गीताचा विसर पडत नाही. मोडून गेलेल्या माणसाचे हे वादन आहे असे ज्याला म्हणावयाचे असेल, त्याने मोडणे या शब्दाचा अर्थ प्रथम सांगितला पाहिजे.

५

दुसरे अंग पुराव्याच्या स्वरूपाचे. पूर्वार्धाचे आणि उत्तरार्धाचे आपणांपुढील पुरावे एकाच जातीचे नाहीत.

१९३६–४० मधील यंग आपणांस मुख्यतः तीन मिनिटांच्या तबकड्यांतून ऐकावयास मिळतो. त्या तीन मिनिटांत यंगच्या वाट्यास कधी आठ बार, कधी सोळा, क्वचित चौसष्ट येतात. हे वादन ध्वनिमुद्रणगृहातील, एकाग्र आणि निवडलेले आहे. फसलेले मुद्रण टाकून दिले जाई. १९४६ नंतरचा यंग निर्माता नॉर्मन ग्रॅन्झच्या 'जॅझ ॲट द फिलहार्मोनिक' या फिरत्या जलशांतून, दीर्घवादन तबकड्यांतून, आणि क्लबांत श्रोत्यांनी केलेल्या खासगी ध्वनिमुद्रणांतून आपणांपुढे येतो. त्यांत चांगल्या रात्री आहेत तशा वाईटही आहेत. थकलेला यंग आहे, आजारी यंग आहे, टाळ्यांसाठी एकच स्वर घोटणारा यंगही आहे. एका माणसाची निवडक पत्रे आणि दुसऱ्याची सर्व दिवसांची बोलणी समोर ठेवून, पहिला अधिक सुंदर भाषा वापरीत असे, असा निष्कर्ष कोणी काढला तर आपण तो मान्य करणार नाही. येथे तर दोन्ही माणसे एकच आहेत.

ही विषमता काळाच्या ओघात थोडी कमी होत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. ध्वनितंत्रज्ञ बिल सॅव्हरी यांनी रेडिओवरून मुद्रित करून ठेवलेला संग्रह २०१० साली हार्लेम येथील राष्ट्रीय जॅझ संग्रहालयाकडे आला; त्यात १९३८–४० मधील बेसीवृंदाची प्रक्षेपणे आहेत आणि त्यांतील काही पुढे प्रसिद्धही झाली. त्यामुळे पूर्वार्धातील यंगचेही मुद्रणगृहाबाहेरचे बोलणे आता ऐकता येते. उलट बाजूस, डिसेंबर १९५६ मध्ये वॉशिंग्टन येथील एका क्लबात पियानोवादक बिल पॉट्स याच्या त्रिकूटाबरोबर यंगने केलेले वादन त्याच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी तबकड्यांवर आले, आणि अखेरच्या वर्षांत त्याच्यापाशी काही उरले नव्हते हे मत त्या तबकड्यांनी पुष्कळच सैल केले.

पूर्वार्धाविषयीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १९३६ च्या त्याच सत्रातील 'शू शाइन बॉय' ची दोन मुद्रणे उपलब्ध आहेत. लॉरेन्स गशी या संगीतज्ञाने त्यांची तुलना करताना मौखिक महाकाव्यांच्या अभ्यासातील ठराविक पदबंधांची कल्पना उपयोगात आणली. दोन्ही मुद्रणांतील वादन भिन्न आहे. पण ते ज्या तयार तुकड्यांतून उभे राहते त्यांतील अनेक समान आहेत. याचा अर्थ यंगची प्रतिभा उणी ठरते असा मुळीच नाही. ओवी रचणाऱ्या स्त्रीजवळही ठेवणीतले शब्दबंध असतातच. परंतु पूर्वार्धात सर्व काही क्षणोक्षणी नवे होते आणि उत्तरार्धात केवळ पुनरावृत्ती उरली, ही विभागणी यामुळे टिकत नाही.

६

तिसरे अंग मानदंडाचे. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. उत्तरकालीन यंगचे वादन कोणत्या मापाने मोजले गेले? पूर्वकालीन यंगच्या मापाने. वेग कमी झाला, नाद जड झाला, वाक्ये तुटली : या सर्व नोंदी खऱ्या आहेत, पण 'कमी', 'जड' आणि 'तुटली' हे शब्द १९३६ चा यंग प्रमाण मानल्याशिवाय वापरता येत नाहीत.

सुदैवाने येथे एक असे उदाहरण उपलब्ध आहे की ज्यात इतर घटक बव्हंशी स्थिर ठेवून तुलना करता येते. २५ जानेवारी १९३७ रोजी 'धिस इयर्स किसेस' हे गीत यंगने बिली हॉलिडेबरोबर मुद्रित केले. १२ जानेवारी १९५६ रोजी तेच गीत त्याने पुन्हा मुद्रित केले. पियानोवर दोन्ही वेळा टेडी विल्सन आहे, ड्रमवर दोन्ही वेळा जो जोन्स. एकोणीस वर्षांच्या अंतराने तेच गीत, तोच वादक, आणि तालाची व स्वरमेळाची बाजू सांभाळणारी तीच दोन माणसे.

१९३७ मध्ये यंग आरंभी धून वाजवितो आणि मग हॉलिडे गाते. त्याचे वाजविणे सरळ, तरंगते, जणू हातात काही वजन नाही असे. दुःखाचे गीत आहे, पण वादक त्या दुःखाशेजारून चालतो. १९५६ मध्ये लय संथ आहे. नादात श्वासाचा अंश ऐकू येतो. स्वर खालून वर सरकत जागेवर येतो, कधी जागेवर येऊन ढळतो. वाक्य दोन-तीन स्वरांचे, नंतर स्तब्धता, मग त्याच वाक्याचे किंचित बदललेले उत्तर. १९३६ साली ज्या वादकाने वाक्य खंडाच्या सीमेपलीकडे नेण्याचे तंत्र घडविले, तोच येथे खंडाच्या आतच वाक्य सोडून देतो, आणि पुढचा भाग श्रोत्याच्या मनावर सोपवितो. दोन्ही रीतींत मूळ तत्त्व एकच आहे : चौकटीने घालून दिलेल्या विरामास न जुमानणे. पूर्वी तो विरामाच्या जागी बोले. आता बोलण्याच्या जागी विराम घेतो.

हे वादन यंगने काही काळ रुग्णालयात घालविल्यानंतर केलेले आहे. तेव्हा श्वास कमी पडल्यामुळे वाक्ये लहान झाली असतील, असा आक्षेप येईल. असतीलही. पण वयोमानाने मंदावलेला वक्ता आपली वाक्यरचना बदलतो तेव्हा त्या बदलाचे मूळ शरीरात असते. त्याचा उपयोग मात्र वक्त्याचा असतो. कमी श्वासात काय सांगावयाचे हे शरीर ठरवीत नाही.

येथे एक कबुली आवश्यक आहे. उत्तरार्धातील सर्वच ध्वनिमुद्रणे या पातळीची नाहीत. मद्यपानाने त्याचे शरीर झिजले होते. अखेरच्या दोन वर्षांतील काही तबकड्या ऐकवत नाहीत. मार्च १९५९ मध्ये पॅरिस येथे त्याने केलेल्या शेवटच्या मुद्रणात बोटे आणि श्वास यांचा मेळ अनेकदा सुटतो. येथे ऱ्हास नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु ऱ्हास ही एक गोष्ट आणि शैलीपरिवर्तन ही दुसरी. रूढ निर्णयाचा दोष असा की, शेवटच्या दोन वर्षांतील ऱ्हासाची सावली त्याने मागील तेरा वर्षांवर पाडली.

७

यंगच्या बोलण्याविषयी दोन शब्द येथे अप्रस्तुत ठरू नयेत. सहकाऱ्यांच्या आठवणींत त्याच्या खासगी भाषेचे उल्लेख विपुल आहेत. पुरुषांसही तो 'लेडी' म्हणून संबोधी. एखाद्या ठिकाणी वर्णद्वेषाची चाहूल लागली की, आपल्याला वाऱ्याची झुळूक जाणवते, एवढेच तो म्हणे. ज्यांना समजावयाचे त्यांना समजे. बेसीवृंदातील ट्रम्पेटवादक हॅरी एडिसनला त्याने दिलेले 'स्वीट्स' हे नाव जन्मभर टिकले. ही भाषा विक्षिप्तपणाचे लक्षण म्हणून सांगितली जाते. तिच्याकडे दुसऱ्या दृष्टीनेही पाहता येईल. ज्या समाजात उघड बोलणे धोक्याचे असते तेथे आडपडद्याची बोली जन्मास येते, हा सर्वत्र आढळणारा अनुभव आहे. आणि जो मनुष्य दुसऱ्यांचे तयार शब्द वापरावयास राजी नाही, तो स्वतःचे जुने स्वर वापरावयासही राजी नसणार, हे स्वाभाविक आहे.

किंबहुना यंगने हे स्वतःच सांगून ठेवले आहे. फेब्रुवारी १९५९ मध्ये, मृत्यूपूर्वी सुमारे पाच आठवडे, पॅरिस येथे फ्रांस्वा पोस्तीफ या फ्रेंच समीक्षकाने त्याची मुलाखत घेतली. तीत त्याने असा आशय व्यक्त केला की, तेच ते पुन्हा गिरविणारी पेन्सिल होणे आपल्याला नको. पुढे तो असेही म्हणतो की, आपला टेनर कधी आल्टोसारखा, कधी टेनरसारखा, कधी त्याहूनही खालच्या वाद्यासारखा वाजावा असा प्रयत्न आपण केला आहे आणि ते काम अजून संपलेले नाही. मृत्यूच्या दारी उभा असलेला हा मनुष्य आपल्या नादाच्या घडणीविषयी वर्तमानकाळात बोलतो आहे. आपण संपलो असे त्याला वाटत नव्हते. ते इतरांस वाटत होते.

या विधानाच्या प्रकाशात १९३४ ची हकीकत पुन्हा वाचावी. तेव्हा मागणी अशी होती की, हॉकिन्ससारखे वाजव. १९५० नंतर मागणी अशी झाली की, १९३६ च्या लेस्टर यंगसारखे वाजव. मधल्या काळात त्याच्या पूर्वशैलीचे अनुयायी सर्वत्र पसरले होते. स्टॅन गेट्झ, झूट सिम्स, अल कोन यांसारख्या तरुणांनी ती शैली आपापल्या परीने वाढविली, आणि पॉल क्विनिशेट हा तर इतका जवळ गेला की त्याला 'व्हाइस प्रेझ' हे नाव पडले. ज्याला पूर्वी परक्याचा नाद स्वीकारावयास सांगण्यात आले, त्यालाच आता त्याचा स्वतःचा जुना नाद, जो एव्हाना दुसऱ्यांच्या मालकीचा झाला होता, परत घ्यावयास सांगण्यात येत होते. दोन्ही वेळा त्याने दिलेले उत्तर एकच होते. १९३४ चा नकार समीक्षकांनी प्रतिभेचा पुरावा मानला. तोच नकार १९५० नंतर त्यांनी दौर्बल्याचा पुरावा ठरविला. मापातील ही विसंगती दाखविणे हा या निबंधाचा मुख्य हेतू आहे.

८

शेवटी एका छोट्या वादनाचा विचार करून हे विवेचन आटोपते घेऊ. ८ डिसेंबर १९५७ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'द साउंड ऑफ जॅझ' हा कार्यक्रम झाला. त्यात बिली हॉलिडेने 'फाइन अँड मेलो' हा आपला ब्लूज गायिला. साथीस टेनर सॅक्सोफोनवादक तिघे होते : बेन वेब्स्टर, लेस्टर यंग आणि कोलमन हॉकिन्स. म्हणजे या वाद्याच्या स्विंगकालीन परंपरेचे तीन प्रमुख एका गीतात एकत्र आले. चित्रमुद्रण उपलब्ध आहे आणि कोणासही पाहता येते.

प्रत्येकास एकेक आवर्तन, बारा बार. वेब्स्टर आणि हॉकिन्स ते बारा बार भरून काढतात. दोघांचेही वादन थोर आहे. यंग उभा राहतो आणि त्या बारा बारांत फारच थोडे स्वर वाजवितो. एकही स्वर दाखविण्यासाठी नाही. वाक्ये साधी, जवळजवळ बोलल्यासारखी. मध्ये निवांत जागा. कॅमेरा हॉलिडेच्या मुद्रेवर स्थिरावतो. ती हलकेच मान डोलावते. जवळून ओळखीचे बोलणे ऐकणाऱ्या व्यक्तीची ती मुद्रा आहे. तीन श्रेष्ठ वादकांपैकी सर्वांत कमी वाजविणारा या गीतात सर्वांत अधिक स्मरणात राहतो, आणि तो १९३६ च्या यंगच्या एकाही युक्तीचा आश्रय घेत नाही.

१५ मार्च १९५९ रोजी, पॅरिसहून परतल्यावर लगेच, न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात लेस्टर यंग मृत्यू पावला, वय एकोणपन्नास. चार महिन्यांनी, १७ जुलै रोजी, बिली हॉलिडेही गेली. त्याच वर्षी चार्ल्स मिंगस याने यंगच्या नेहमीच्या टोपीच्या नावाने एक शोकगीत रचले, आणि ते आज जॅझच्या मान्य रचनांत गणले जाते.

वरील विवेचनाचा निष्कर्ष तीन वाक्यांत सांगता येईल. यंगच्या शैलीतील परिवर्तन सैन्यातील छळामुळे झाले, हे कालक्रम पाहता सिद्ध होत नाही. उत्तरार्ध पूर्वार्धाहून हीन, हे पुराव्याच्या विषमतेमुळे आज आहे त्या स्वरूपात सिद्ध होत नाही. आणि बदलणे म्हणजे ढासळणे, हे तर कोणत्याही पुराव्याने सिद्ध होण्यासारखे नाही. छळाची कथा खरी आहे, आणि ती विसरता कामा नये. परंतु तिने एका विचारी कलावंताचे कर्तृत्व त्याच्या हातून काढून घेऊन छळ करणाऱ्यांच्या पदरात टाकावे, हे न्यायाचे नव्हे. पूर्वार्धातील चौसष्ट बारांइतक्याच लक्षपूर्वक उत्तरार्धातील बारा बार ऐकावेत, एवढीच अभ्यासकाकडून अपेक्षा आहे.